दवाखान्यापर्यंत पोचलेला खोकला

दोन ऑक्टोबरच्या सुमारास बाई वर्गात क्षयरोग निवारणाची तिकिटं वाटायच्या, आठवतंय? आपण ती शेजारीपाजारी विकायचो, उरलेली वहीवर चिकटवायचो. आपल्या नववीच्या वर्षी घंटा देणाऱ्या मावशी सतत खोकत असायच्या. दिवाळीनंतर त्या आल्याच नाहीत. ‘दुखणं अंगावर काढलं,’ असं मोठी माणसं म्हणाली. आपणही तेच खरं धरलं.

पुढे नोकरीसाठी मी बंगळूरला आले. ऑफिसची बस राष्ट्रीय क्षयरोग संस्थेवरून जायची. कुतूहल म्हणून तिचा इतिहास वाचायला घेतला आणि मावशी आठवल्या.

ही संस्था १९५९ सालची. त्याच वर्षी मद्रासच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषधं नियमित मिळाली, तर घरी राहणारा रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णासारखाच बरा होतो. आता प्रश्न होता रुग्ण शोधायचे कसे. लोक अडाणी आहेत, आपणहून येणार नाहीत, त्यामुळे एक्स-रेच्या गाड्याच गावोगाव न्यायला हव्यात, असा समज होता. तेवढा खर्च देशाला झेपणारा नव्हता.

संस्थेतले डॉ. देबाबर बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या रुग्णांनाच विचारायचं ठरवलं. त्यांचा अभ्यास १९६३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. बहुतेक रुग्णांना आपल्याला काहीतरी होतंय हे कळत होतं आणि निम्म्याहून अधिक जण उपचारासाठी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथून त्यांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं जात होतं. म्हणजे रुग्ण दारात आला होता. त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

१९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाची आखणी याच विचारावर झाली. नेहमीच्या दवाखान्यातच खोकणाऱ्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि तिथेच औषध द्यायचं. आखणी नेटकी होती, पण गावातल्या दवाखान्यांना औषधं आणि माणसं पुरी पडली नाहीत. बॅनर्जी पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामाजिक आरोग्य शिकवू लागले. आरोग्यसेवेची आखणी लोकांच्या गरजेपासून सुरू व्हावी, हे त्यांनी शेवटपर्यंत लावून धरलं.

माझ्या कामातही हे घडतं. प्रणाली अडली की आम्ही आधी म्हणतो, ‘वापरणाऱ्याला कळत नाही.’ नोंदी उघडल्यावर दिसतं, की त्याने तीनदा बटण दाबलं होतं.

गेल्या वर्षी मावशींच्या लेकीची गाठ पडली. मी भीतभीतच विषय काढला. ती म्हणाली, “आई गेली होती की दवाखान्यात. तीन वेळा गेली. दर वेळी बाटली घेऊन आली.” थुंकी कुणी तपासलीच नव्हती.

मेळाव्यात मावशींची आठवण निघेलच. तेव्हा त्यांनी दुखणं अंगावर काढलं, असं मात्र आपल्यापैकी कुणी म्हणू नये.