आधुनिकतावादी काव्यातील जुगुप्सा व देह

भरताच्या नाट्यशास्त्रात जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायिभाव म्हणून मान्य झाला असला, तरी रुग्ण, कुजणाऱ्या व मृत देहाला काव्याच्या केंद्रस्थानी आणून त्यालाच सत्यान्वेषणाचे साधन करण्याचा निर्धार यूरोपीय आधुनिकतेने केला. शार्ल बोदलेर याच्या ‘ले फ्लर द्यू माल’ (१८५७) या संग्रहातील कुजलेल्या जनावराच्या कवितेने या परंपरेचा पाया घातला. संग्रहावर खटला होऊन सहा अन्य कविता वगळण्याचा जो हुकूम झाला, तो १९४९ मध्ये रद्द झाला. पेशाने वैद्य असलेल्या गोट्फ्रीट बेन याने ‘मोर्ग’ (१९१२) या जर्मन काव्यपुस्तिकेत शवविच्छेदनाच्या मेजावरील प्रेते अलिप्त, जणू दप्तरी नोंदीच्या भाषेत मांडून मानवाच्या श्रेष्ठत्वाविषयीच्या रूढ कल्पनांना जबर हादरा दिला. मराठीत बा. सी. मर्ढेकर यांनी यंत्रयुगातील मनुष्याची विटंबना मेलेल्या उंदरांच्या प्रतिमेतून प्रकट केली, आणि त्यांच्या कवितेवरही अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) मुंबईच्या वेश्यावस्तीतील देहांची दुर्गती हीच समाजाविरुद्धची फिर्याद होते. वाचकाची किळस जागवून त्याला उपेक्षित देहाच्या वेदनेसमोर उभे करणे, हे या काव्याचे नैतिक सामर्थ्य होय.