मुंबईतली ती स्पंजची बॅट आणि ‘पिंग पाँग’

आजचा सिनेमा आहे ‘पिंग पाँग’. २००२ चा, जपानी. ताइयो मात्सुमोतोच्या कॉमिकवरून फुमिहिको सोरीनं केलेला. पेको आणि स्माइल हे शाळकरी मित्र त्यातले हिरो. पेको बडबड्या, दुसरा कधी हसतच नाही, म्हणून त्याचं नाव स्माइल.

पण आपण बोलूया काँग वेंगेबद्दल. चीनच्या टीममधून बाहेर पडलेला हा पोरगा जपानी शाळेकडून खेळायला येतो आणि पेकोला पार लोळवतो.

थांबा, जरा मागे जाऊ. १९५२. टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा चक्क आपल्या मुंबईत. जपान पहिल्यांदाच उतरलेला. चष्मेवाल्या हिरोजी सातोच्या बॅटला जाड स्पंज. बॉल लागल्याचा नेहमीचा टक्-टक् आवाजच येईना, त्यामुळे समोरच्यांना अंदाजच बांधता येईना. सातो चॅम्पियन झाला! पन्नासच्या दशकात मग जपानचाच दरारा.

१९५९ मध्ये चीनचा रोंग ग्वोतुआन जगज्जेता झाला आणि हळूहळू पारडं फिरलं. इतकं, की पुढे जपानी कथेत चीननं नाकारलेला खेळाडूसुद्धा इथे भल्याभल्यांना भारी पडतो.

पण सिनेमा त्याला व्हिलन करत नाही. घरापासून लांब आलेल्या काँगला जिंकून परत जायचंय. पुढे पेको त्याला हरवतो, तेव्हा आपण पेकोसाठी टाळ्या वाजवतो खऱ्या. पण वाईट काँगसाठीही वाटतं.

पाहिलात की सांगा, तुम्ही कोणाच्या बाजूने होता?