ड्यूक स्ट्रीटवरचं मिश्रण

नोव्हेंबर 1924. लंडनच्या धुक्यात कोळशाचा धूर असा मिसळलाय की घसा खवखवतोय. जर्मिन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून तुम्ही ड्यूक स्ट्रीटवर वळता आणि आल्फ्रेड डनहिल यांच्या दुकानाचं दार ढकलता. 1907 पासून दुकान इथंच आहे. आत ओलसर पानांचा, वाळल्या गवताचा, जरासा मनुकांचा वास.

काउंटरमागचा माणूस बरण्यांना हात लावायच्या आधी चौकशी करतो. आजवर काय ओढत आलात? जेवणाआधी की नंतर? जिभेला चटका बसतो का? उत्तरं ऐकून तो पहिली बरणी उघडतो. व्हर्जिनिया, सोनेरी. गरम हवेत वाळवल्यामुळे पानातली साखर टिकलेली. दुसऱ्या बरणीत मॅसिडोनियाकडचं बारीक पौर्वात्य पान, आंबूस आणि मसालेदार.

तिसरी बरणी उघडली की तुम्ही नकळत मागे सरता. हे काळं पान म्हणजे लटाकिया. सीरियातल्या लटाकिया बंदराचं नाव त्याला मिळालंय. बंदरामागच्या डोंगरांत ओक आणि इतर सुगंधी लाकडांच्या धुरावर ते आठवडेच्या आठवडे टांगून ठेवतात. वास डांबराचा, चामड्याचा, विझलेल्या शेकोटीचा. नाकाला उग्र वाटतं म्हणून नाकारू नका. तोंडात ते वासापेक्षा पुष्कळ मवाळ निघतं.

अर्धी व्हर्जिनिया, उरलेल्यात बाकीची दोन. तो बोटांनी मिश्रण उलथंपालथं करतो, तुमच्यापुढे सरकवतो. चिमूट चुरगाळून बघा: बोटांना चिकटली तर ओली, कुरकुरली तर कोरडी. पाइप ब्रायरचा आहे, भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीतून कोरलेला. हे लाकूड आगीला दाद देत नाही. काळ्या तोटीवरचा पांढरा ठिपका वर ठेवा. तळाशी तंबाखू सैल सोडा, मध्ये थोडी दाबा, वर घट्ट.

पहिली काडी फक्त तोंड उघडायला. तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबा. आता दुसरी. चिलमीसारखा दम मारू नका. धूर छातीत न्यायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि थोडा नाकावाटे सोडायचा. खरी चव तिथंच कळते. घाई केलीत तर व्हर्जिनिया जीभ पोळवेल.

आधी धुरकट लाकूड. मग त्याखालून आंबूस मसाला. अर्ध्यावर आल्यावर पाइप विझू लागतो तेव्हा कुठे व्हर्जिनियाचा गोडवा वर येतो, इतका उशिरा की तो मिश्रणात आहे हेच तुम्ही विसरला होतात. मला या मिश्रणाचं सगळं कसब याच उशिरात दिसतं. धुराची चव आधीच घेऊन आलेलं पान इथं पुन्हा जळतंय, आणि तरीही ते गोडव्याला वाट देतं.

दुकानात धोक्याचा विषय कुणी काढत नाही. तंबाखू आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल यांचा निबंध 1950 मध्ये यायचाय. तुम्हाला मात्र तो ठाऊक आहे, आणि धूर छातीत नेला नाही म्हणून ओठ नि तोंड सुटत नाहीत, हेही. हा एक पाइप चवीपुरता. त्याची सवय लावून घेऊ नका.

“कसं वाटलं, सर?”

“लटाकिया जरा कमी करा. शेवटचा गोडवा लवकर यायला हवा.”

तो जाड वही ओढतो. ‘माय मिक्श्चर’ची ही वही: एकेका गिऱ्हाइकाच्या जिभेचं माप इथं क्रमांकासह नोंदलेलं असतं. त्यातलाच 965 क्रमांक पुढे डबाबंद होऊन जगभर विकला जाणार आहे. 1941 च्या एप्रिलमध्ये जर्मन बॉम्ब हे दुकान उद्ध्वस्त करतील, हेही तुम्हाला माहीत आहे. काउंटरमागच्या माणसाला नाही. तो लटाकियाचा आकडा खोडतो, व्हर्जिनियाचा वाढवतो आणि नवं माप घ्यायला तराजू पुढे ओढतो.