सरहद्दीपलीकडची यत्ता

निर्वासित मुलं म्हटलं की आपल्याला फाळणी आठवते, नाहीतर सीरिया, युक्रेन. पण आपल्या नांदेड-लातूरची मुलंही एकेकाळी परमुलखातल्या शाळेत जाऊन बसली होती, हे नातवंडांना सांगून खरं वाटत नाही.

निजामाचं राज्य म्हणजे वेगळा देशच. रुपया हाली, रेल्वे निजामाची, वरच्या वर्गांचं शिक्षण बहुतेक उर्दूतून. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर शास्त्रविषयही उर्दूत शिकवत. १९३८ मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा सरहद्दीपलीकडच्या नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. भाषा बदलली, पण त्यांचं शिकलेलं कुणी पुसून टाकलं नाही.

दहा वर्षांनी रझाकारांच्या धास्तीने कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर पडली. नांदेडकडची उमरखेडच्या बाजूला, लातूरकडची बार्शी-सोलापूरला. माझे थोरले मावसभाऊ तेव्हा सहावीत होते. तिकडच्या एका शाळेत त्यांना दोन यत्ता खाली, चौथीत बसवलं. का, तर त्रैराशिक उर्दूत सुटायचं आणि मराठीत विचारलं की गप्प! दादा म्हणायचे, “मला गणित येत होतं रे, त्याचं मराठी नाव येत नव्हतं.” लहान पोरांत बसायची लाज वाटून त्यांनी वर्षभरात शाळा सोडली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं, घर परत मिळालं. शाळा मात्र सुटली ती सुटलीच. म्हातारपणीही पैसे मोजताना ते ‘ग्यारा, बारा’च पुटपुटायचे.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड भागात मुसलमान कुटुंबांवर अत्याचार झाले. पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवून ठेवलं आहे. कितीतरी कुटुंबांनी गाव सोडलं. त्यांच्या मुलांच्याही शाळा सुटल्याच असतील, पण आपल्या घरांत त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं वेगळं शिकवायचं, असं ठरवलं. चाळीसेक मुलांच्या वर्गात हे सोपं नसतं, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. तरी आईबापांबरोबर ऊसतोडीला कर्नाटकात गेलेलं मूल परत येतं, तेव्हा ‘याला काय येत नाही’ याआधी ‘याला काय येतं’ हे विचारावं. दादांना तेवढं कुणी विचारलं असतं, तर ते शिकले असते.

असो. तुमच्या घरात अशी कुणाची हकिगत असेल तर जरूर लिहा. सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.