चिपट्या-मापट्याचं वर्ष

हस्त नक्षत्र कोरडं गेलं की आमच्या मोठ्या मायचं बोलणं कमी व्हायचं. ज्यांनी रब्बीची शेती जवळून पाहिली नाही त्यांना यातली धग कळायची नाही. आमच्याकडं ज्वारी पेरायची ती हस्ताच्या ओलीवर. ओल असेल तर पेर, आणि पेर झाली तर माघ-फाल्गुनात रास. म्हणजे पुढचं सबंध वर्ष घरात काय शिजणार, याचा निकाल दसऱ्याच्या आसपासच लागलेला असायचा. त्यात तुळजापूरचं नवरात्र त्याच दिवसांत. घरोघरी घट बसायचे, घटाच्या मातीत धान्य रुजायचं, आणि त्या अंकुरांकडं बघून बायका यंदा कोणतं पीक बरं येईल याचा अंदाज बांधायच्या. १९७२ साली आमच्या घटातली ज्वारी कशी उगवली होती ते मला आठवत नाही. काकू म्हणते पिवळी पडली होती. आई म्हणायची, चांगली हिरवी होती, घटानं फसवलं. पण दसरा झाल्यावर मोठ्या मायनं चिपटं, मापटं, शेर, पायली अशी सगळी मापं माजघरात ओळीनं मांडली आणि वर्षाचा हिशेब धरला, ते मात्र मला लख्ख आठवतं.

आमचं घर जुन्या धर्तीचं, मातीच्या माळवदाचं. दोन खोल्यांमधली भिंत आतून पोकळ. तिला बळद म्हणायचं. वर माळवदावर तिचं तोंड, तिथून रास ओतायची. खाली हात जाईल एवढं भोक, त्याला चिंध्यांचा बोळा आणि वरून शेणामातीचा लेप. धान्याबरोबर कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि चुलीतली चाळलेली राख. तो लेप फोडायचा अधिकार घरात एकाच बाईचा. पाऊस १९७० पासूनच हात आखडता घेत होता, ७१ला घाटाखालच्या आमच्या कोरडवाहू रानात पीक कसंबसं निम्म्यावर आलं. तरी बळदाच्या तळाशी जुनी ज्वारी होती, कारण कसलंही सुगीचं साल असो, मोठी माय बळद पार रिकामं होऊ द्यायची नाही.

दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. किलो कधीचे आले होते, पण तिचं डोकं किलोत चालायचं नाही. तिनं सगळ्यांत आधी बियाणं काढलं. गाडग्यात भरून, फडक्यानं तोंड बांधून ते उतरंडीत तळाला ठेवलं. मग जोगव्याचं काढलं. मग पावण्याचं. आबा ओसरीवरून म्हणाले, "अगं, घरच्यांचं आधी काढ की." तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "घरच्यांचं उरंल त्यात बसवता येतं. पावण्याला कसं बसवायचं?"

तुळजापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इथं पाहुण्याला ऋतू नाही. कुणाचा नवस फेडायचाय, कुणाचं जावळ, कुणी नवी जोडी दर्शनाला आणलीय. नात्यातल्या नात्यातली माणसंसुद्धा देवीच्या वाटेनं आपल्या दारात येतात, आणि त्यांना न जेवता जाऊ देण्याची रीत नाही. म्हणून आमच्या घरातली बेगमी कधीही नुसत्या घरातल्या तोंडांची नसायची.

जोगव्याबद्दल थोडं थांबून सांगते. मंगळवार-शुक्रवारी देवीचे आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन 'उदो उदो' म्हणत दारी येतात. पाच घरी जोगवा मागायचा, ज्याचं त्याचं व्रत असतं. चांगली खाऊनपिऊन सुखी माणसंही हा जोगवा मागतात, कारण देवीच्या नावानं हात पसरण्यात कमीपणा नाही. त्या वर्षी परड्या वाढल्या. मंगळवार नाही, शुक्रवार नाही, बुधवारीसुद्धा दारात परडी दिसायची. काही परड्या अगदी नव्या, काहींच्या जागी नुसती बांबूची टोपली. काकू एकदा म्हणाली, "ही काही आराधी नव्हं, माळसुद्धा न्हाई गळ्यात." मोठी माय तिच्यावर उखडली. तिचा नियम होता: परडीत चिपटं घालायचं आणि घालताना तोंडाकडं बघायचं नाही. व्रत कुणाचं आणि भूक कुणाची, हे आपण निवडायचं नाही. उपाशी माणसाला मागायची लाज वाटू नये म्हणून आपल्या देवीनं ही सोय करून ठेवलीय, असं ती म्हणायची. ते शास्त्रात कुठं आहे की नाही, मला ठाऊक नाही. माझा त्यावर आजही विश्वास आहे.

घरच्यांचं मग उरलं त्यात बसवलं. सकाळी भाकरी, रात्री कण्या. हुलग्याचं माडगं आठवड्यातून दोनदा तरी. पिठात शेवग्याचा पाला चिरून घातला की भाकरी भरल्यासारखी व्हायची. कालवणाला येसर. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: धान्यं, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं हे पीठ पाण्यात कालवून उकळलं की आमटी होते, भाजी लागत नाही, डाळही नाही. उन्हाळ्यात वाळवलेली गवार, वांग्याच्या काचऱ्या, सांडगे, कुरडया हे सगळं कुलपात गेलं. तेल पळीनं मोजायचं. चहा गुळाचा, आणि तोही सकाळीच. दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची म्हणजे कंदिलाचं रॉकेल वाचतं. आबांना उपासाचं जड नव्हतं. मंगळवार देवीचा होताच, आणि १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्याला एक जेवण सोडा म्हणून देशाला सांगितलं तेव्हापासून त्यांनी सोमवारची रात्र सोडली होती. शास्त्रीजी गेले तरी आबांनी ती परत धरली नाही.

एक गोष्ट मोठी माय एका कानडी बाईकडून शिकली. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून, विजापूर-गुलबर्ग्याकडून हजारो माणसं पायी तुळजापूरला येतात. त्यातली एक म्हातारी दरवर्षी आमच्या ओट्यावर टेकायची. मराठी तिला जेमतेम, कानडी आमच्या घरात कुणालाच नाही. तिच्या गाठोड्यात पातळ, कडक भाकऱ्यांची चवड असायची, सोबत शेंगाची चटणी. भाकरी तव्यावर भाजून मग मंद आचेवर पार खडखडीत वाळवायची. ती पंधरा-पंधरा दिवस टिकते. त्या साली मोठ्या मायनं तिच्याकडून हे हातवारे करून करून समजून घेतलं. मग आमच्याकडं आठवड्यात दोनदाच भाकऱ्या होऊ लागल्या आणि गोवऱ्या-तुराट्या वाचल्या. आमटीत कुस्करलेली कडक भाकरी आम्हा पोरांना इतकी आवडली की दुष्काळ सरल्यावरही आम्ही ती मागायचो.

बाकीचं सगळं तिला आधीपासून येत होतं, कारण असं वर्ष तिनं एकदा काढलं होतं. निजामाच्या राज्यात धान्याची सक्तीची लेव्ही होती. शेतकऱ्याच्या खळ्यावरून सरकार धान्य उचलायचं, आणि घरात राहील तेवढ्यात भागवायचं. नाणंही निराळं, हाली शिक्का. सात हाली दिले की इंग्रजी मुलखातले सहा कलदार मिळायचे. म्हणून सोलापूर-बार्शीच्या बाजारात आमच्या माणसांचा रुपया आधीच झिजलेला. १९४८च्या उन्हाळ्यात निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांच्या धास्तीनं तुळजापूर भागातली कितीतरी कुटुंबं निजामाच्या हद्दीपलीकडं गेली. आमचीही गेली. कुठं, यावर घरात एकमत नाही. आबा बार्शी म्हणायचे, मोठी माय सोलापूर. मला वाटतं आधी बार्शी आणि मग सोलापूर असावं, पण विचारायला आता कुणी राहिलं नाही. जाण्याआधी गावाकडच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, ज्वारी उतरवून, वर माती टाकून, त्यावर जनावरं बांधायची जागा केली. कमरेला तिनं फक्त सातूच्या पिठाची पुरचुंडी बांधली. १३ सप्टेंबरला पहाटे हिंदी फौजा तुळजापुरात शिरल्या. दोनेक तास रझाकार लढले आणि मग शरण आले. त्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीचा पूलही फौजेनं घेतला. १७ तारखेला हैदराबादेत सगळंच आटोपलं. आमची माणसं नवरात्राआधी परतली आणि पेव उघडलं. पेवात एकदम उतरायचं नसतं, आत कोंडलेल्या हवेनं माणूस जातो. दोरीला कंदील बांधून खाली सोडला, तो विझला. दिवसभर पेव उघडं ठेवून पुन्हा सोडला, तेव्हा जळत राहिला. त्या ज्वारीला पेवाचा वास लागला होता, पण ती भाकरी खाताना घरातली सगळी रडली, असं मोठी माय सांगायची. इथं ती स्वतः मात्र रडायची नाही.

तिच्या आवडीची गोष्ट दामाजीपंतांची. मंगळवेढं आमच्यापासून फार लांब नाही, आणि तिथली ज्वारी तर नावाजलेली. बेदरच्या बादशहाचं कोठार दामाजीनं दुष्काळात भुकेल्यांसाठी उघडं केलं आणि विठोबानं विठू महार होऊन त्याचे पैसे भरले, ही कथा कुणी ऐकली नसेल? पण मोठ्या मायला त्यात विठोबापेक्षा दामाजीच्या बायकोचं जास्त वाटायचं. "पंतांनी कोठार उघडलं, पर त्या दिवशी घरी चूल कुनी पेटवली, किती पंगती उठल्या, ते कुनी लिवलं न्हाई," असं म्हणायची.

पण एक गोष्ट मला ठासून सांगायचीय. आमच्या घरानं ते वर्ष काटकसरीवर काढलं, कारण काटकसर करायला बळदात काहीतरी होतं. ज्यांच्या भिंती पोकळ नव्हत्या, ज्यांना रान नव्हतं, त्यांनी कशात काटकसर करायची? ती माणसं खडी फोडायला गेली. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. मे १९७३मध्ये राज्यभरात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. तान्ही लेकरं बांधावरच्या झोळीत. मजुरी कुणी दोन रुपये सांगतं, कुणी तीन. सोबत सुकडी मिळायची, गोडसर. आमच्या शाळेतली पोरं सुकडीसाठी डबे घेऊन यायची आणि मी घरी न सांगता त्यांच्यातली खायची. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. तिची भाकरी थापताना तडे जायचे, वासही वेगळा, पण लोकांनी ती डोक्याला लावून खाल्ली. नेमकं त्याच सुमारास सोव्हिएत रशियानं अमेरिकेचा गहू एवढा उचलला की जगभर धान्य महागलं. तुळजापूरच्या रांगेत उभ्या बाईला त्याचा पत्ता नव्हता, झळ मात्र तिलाच.

त्या कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. वि. स. पागे यांनी तो विचार आधीच मांडला होता. कायदा लागू झाला २६ जानेवारी १९७९ला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसायकरातून खेड्यातल्या मजुराला काम मिळावं, ही कल्पना मला दामाजीच्या कोठाराइतकीच थोर वाटते. घरच्या बेगमीला मर्यादा असते. तिच्यापलीकडं राज्याची बेगमी लागते.

पौषात शाकंभरी नवरात्र आलं. शंभर वर्षं पाऊस नसताना देवीनं आपल्या देहातून उगवलेल्या भाजीपाल्यानं जग जगवलं, ती ही शाकंभरी. तुळजापुरात त्या नवरात्रात बायका पाण्याचे कलश डोक्यावर घेऊन जलयात्रा काढतात. त्या साली बाजारात भाजी अशी नव्हतीच. मोठ्या मायनं कुलूप काढून वाळवलेली मेथी आणि गवार देवीपुढं ठेवली, आणि त्याच दिवशी आमच्या पानात वाढली. बैलजोडी मात्र आबांना विकावी लागली. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे, मीही बोलत नाही.

पुढं २०१३च्या दुष्काळात म्हातारी माणसं म्हणायची, बहात्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं. आता धान्य आहे, पाणी नाही. तेव्हा हिशेब पायल्यांचा होता, आता घागरींचा झाला. मग २०२०चा मार्च आला, मंदिर बंद झालं, नवरात्रसुद्धा भक्तांवाचून गेलं, थेट दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला दार उघडलं. कुंकू, बांगड्या, परड्या, प्रसाद विकून वर्षाची कमाई करणारं आमचं गाव आठ महिने नुसतं बसून राहिलं. त्या दिवसांत सूनबाईनं मला विचारलं, "आई, वर्षाचं धान्य मोजायचं तर सुरुवात कशानं करायची?" घरात बळद राहिलं नव्हतं, घराच्या बांधकामात ते कधीच बुजलं. पत्र्याच्या कोठ्या होत्या. मी तिला सांगितलं, आधी पाहुण्याचं काढ. ती हसली, म्हणाली, टाळेबंदीत कोण येणार? तरी तिनं काढलं. आणि पहिल्याच महिन्यात, पुण्याहून पायी निघालेलं, लातूरकडं जाणारं एक कुटुंब आमच्या ओट्यावर टेकलं. ते सगळे त्याच कोठीतलं जेवून गेले.

ज्वारी आम्ही अजूनही फाल्गुनात वर्षाची एकदमच घेतो, आणि पहिली कोठी पाहुण्यांची असते. तुम्ही देवीच्या दर्शनाला तुळजापूरला याल तेव्हा हॉटेल शोधत बसू नका. ओळखीचं एखादं घर असेल तर सरळ तिथं जा, न कळवता जा. तुमचं चिपटं त्यांनी फाल्गुनातच काढून ठेवलेलं असेल.