अक्षहृदय
अक्षहृदय : फाशांच्या दानांचे मर्म व मोजणी यांची प्राचीन भारतीय विद्या. तिचा उल्लेख महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात येतो (पहा : नल-दमयंती). विदर्भातील कुंडिनपुराच्या वाटेवर अयोध्येचा राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या दोन फांद्यांवर ५ कोटी पाने व २,०९५ फळे असल्याचे सांगतो. त्याचा सारथी बनलेला नल फळे मोजून ते पडताळतो आणि अश्वविद्येच्या बदल्यात अक्षहृदय शिकतो. परंपरेनुसार कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर.

बेहडा (पहा : बेहडा) मेळघाटच्या पानझडी जंगलात आढळतो. वैदिक काळी त्याचीच फळे फासे म्हणून वापरत. अभ्यासकांच्या मते, उचललेल्या फळांच्या संख्येला चाराने भागून बाकी शून्य उरल्यास कृत, तीन उरल्यास त्रेता, दोन उरल्यास द्वापर व एक उरल्यास कली हे दान मानीत. आजचे सहा बाजूंचे दोन फासे मात्र ३६ प्रकारे पडतात. त्यांपैकी ६ प्रकारांत बेरीज ७ येते, म्हणून तिची संभाव्यता १/६ (पहा : संभाव्यता).

नमुन्यावरून समग्राचा अंदाज बांधण्याचे बीज संख्याशास्त्राचे अभ्यासक या कथेत पाहतात. अंकांच्या मांडण्या मोजण्याचे नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अंकपाश प्रकरणात आहेत (पहा : अंकपाश), तर यूरोपात पास्काल व फर्मा यांच्या १६५४ च्या पत्रव्यवहाराने संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला.