तळटीप ७ : काळे पडलेले पडदे

चिमूरच्या संगणक-खोलीतले सगळे पडदे एकदम काळे पडले, ही अतिशयोक्ती नव्हे. तिथली टर्मिनल म्हणजे थिन क्लायंट, आणि थिन क्लायंटमध्ये हार्डडिस्क नसते. सुरू होताच तो डीएचसीपी या सेवेकडून नेटवर्कवरचा पत्ता घेतो, टीएफटीपीने सर्व्हरवरून कर्नेल उतरवतो. फायली सर्व्हरवरच राहतात. वीज गेली (जिल्ह्यात २,९२० मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र असूनही ती जाते) आणि सर्व्हर बसला, की सगळेच बसले. एकच टर्मिनल बंद असेल तर आधी केबल पाहावी. पत्ता मिळतो पण कर्नेल येत नाही, असे झाले तर बहुधा कुणीतरी नेटवर्कला दुसरा राउटर जोडलेला असतो आणि तोही पत्ते वाटत बसतो. हा दोष सहसा शेवटीच सापडतो. अशी टर्मिनल चालवणारी लिनक्सवरची एलटीएसपी ही व्यवस्था १९९९ची. तिच्यामुळे जुने संगणकही टर्मिनल म्हणून चालतात. — संपा.